कारखान्यातली कंट्रोल सिस्टिम आणि चालवण्याच्या मर्यादा: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या आसपासच्या छोट्या-मध्यम कारखान्यांसाठी पीएलसी (यंत्रं चालवणारा, प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) पॅनेल आणि कंट्रोल लॉजिक करणं हे माझं काम. मकरपुऱ्याची इंजिनीअरिंग युनिटं, नंदेसरी-रणोलीकडची केमिकलवाली, तिकडे पोर आणि मांजुसर. या सगळ्या ठिकाणी भेटणारी मराठी मंडळी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. कुणी नुकतं नोकरीला लागलेलं, कुणी शिफ्ट सांभाळणारं, कुणी स्वतःचा कारखाना चालवणारं. त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. मर्यादेचा कोणताही आकडा समोर आला की तो कुठून आला, तो ओलांडल्यावर कोण काय करणार आणि त्याला त्यासाठी वेळ किती मिळणार, हे तीन प्रश्न विचारायचे. यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर तो आकडा स्क्रीनवर असून उपयोग नाही.

एकाच टाकीला पाच-सहा मर्यादा कशाला? एक ठरवून मोकळं का होत नाही?

कारण प्रत्येक मर्यादेचा मालक वेगळा असतो. सगळ्यात वरची मर्यादा यंत्राची: भांड्याच्या नेमप्लेटवर कोरलेला डिझाइन दाब, डिझाइन तापमान. ती ठरवणारा फॅब्रिकेटर. त्याच्या आत सुरक्षित चालवण्याची मर्यादा येते. ही प्रोसेसवाल्यांनी ठरवायची, कारण रिॲक्शन कोणत्या तापमानाला हाताबाहेर जाते ते त्यांना माहीत असतं, पत्र्याला नाही. त्याच्या आत ट्रिप, म्हणजे जिथे यंत्रणा माणसाला न विचारता बंद होते. ट्रिपच्या आत अलार्म, जिथे माणसाला हाक मारली जाते. आणि सगळ्यात आत रोजचा पट्टा, ज्यात बॅच चांगली निघते.

विश्वामित्री नदीचं उदाहरण बडोदेकराला लगेच पटतं. आजवा तलावातून पाणी सोडलं की ते काळा घोड्याच्या पुलापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून सावधानतेची खूण आणि धोक्याची खूण वेगवेगळ्या असतात. दोन खुणांमधलं अंतर हे खरं तर लोकांना हलवायला लागणारा वेळ आहे. कारखान्यातही अलार्म आणि ट्रिप यांच्यातलं अंतर वेळेनंच ठरतं.

आम्ही सरसकट ९० टक्क्यांना हाय अलार्म टाकतो. त्यात काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकडेमोड करूनच दाखवतो.

समजा टाकीचा व्यास २ मीटर आणि ओव्हरफ्लो ४ मीटरवर आहे. पंप तासाला १० घनमीटर भरतो. टाकीचं क्षेत्रफळ झालं ३.१४ चौरस मीटर, म्हणजे पातळी मिनिटाला साधारण ५.३ सेंटिमीटरनं चढते. आता वरून खाली या. ट्रिप झाल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला २० सेकंद लागतात असं धरा. तेवढ्यात पातळी २ सेंटिमीटरच्या आत चढेल. पातळी मोजून सिग्नल पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची चूक आणखी २ सेंटिमीटर धरा. लाइनमधलं उरलेलं पाणी आणि वरचा फेस यांना जागा ठेवून ट्रिप ३.८ मीटरवर लावली तर हाताशी पुरेसा मोकळेपणा राहतो.

आता अलार्म. अलार्म ऐकून तो समजून घेणं, जागेवर जाणं, व्हॉल्व्ह फिरवणं आणि पातळी थांबली की नाही ते पाहणं, याला १० मिनिटं धरण्याची या क्षेत्रातली जुनी रीत आहे. १० मिनिटांत पातळी ५३ सेंटिमीटर चढते. म्हणजे अलार्म ३.२५ मीटरच्या आसपास हवा.

तुमच्या ९० टक्क्यांच्या हिशेबानं अलार्म ३.६ मीटरला वाजला असता आणि ऑपरेटरच्या हातात ४ मिनिटंसुद्धा उरली नसती. तो फिल्टर प्रेसपाशी असेल तर येईपर्यंत प्लांट ट्रिप झालेला असणार. हीच टाकी तासाला २ घनमीटरनं भरत असती, तर त्याच ३.६ मीटरच्या अलार्मनं १८-१९ मिनिटं मिळाली असती. टाकी तीच, टक्के तेच, पण एकीकडे अलार्म उपयोगाचा आणि दुसरीकडे निव्वळ आवाज. म्हणून टक्केवारीनं अलार्म लावायला माझा ठाम विरोध आहे.

दुसरं असं की पंप मोठा बसवला, लाइनचा व्यास वाढवला किंवा बॅचची रेसिपी बदलली की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी पंप बदलतो आणि अलार्मचे आकडे जुन्या पंपाचेच राहतात.

अलार्म आणि ट्रिप एकाच ट्रान्समीटरवरून घेतले तर चालतात का?

ज्या टाकीत पाणी आहे आणि ओव्हरफ्लो गटारात जातो, तिथे चालतात. ज्वलनशील किंवा विषारी द्रव असेल तर नाही.

११ डिसेंबर २००५ च्या पहाटे इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ९१२ क्रमांकाची टाकी पेट्रोलनं भरत होती. पातळी दाखवणारा गेज अडकला होता. पातळी चढत राहिली आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलला नाही, त्यामुळे त्यावरचे अलार्मही वाजले नाहीत. त्याच्याशी संबंध नसलेला वेगळा हाय लेव्हल स्विच वर बसवलेला होता, पण त्याच्या टेस्टच्या दांडीला काम करण्याच्या स्थितीत धरून ठेवणारं कुलूप लावलेलं नव्हतं. स्विच निकामी राहिला, पेट्रोल ओसंडलं आणि स्फोट झाला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ट्रिपचा सेन्सर वेगळा हवा, आणि जमल्यास वेगळ्या तत्त्वावर चालणारा हवा: एक रडार असेल तर दुसरा फ्लोट किंवा ट्यूनिंग फोर्क. आणि वेगळा सेन्सर बसवला म्हणजे झालं असं नाही, तो कसा तपासायचा आणि तपासल्यावर मूळ स्थितीत कसा आणायचा हे तंत्रज्ञाला नीट माहीत हवं. दोन साधनांनी एकमेकांवर नजर ठेवण्याचं लॉजिक पीएलसीत चार ओळींचं असतं. पंप चालू आहे, पाच मिनिटं झाली आणि पातळी हललीच नाही, तर गेज अडकला आहे असं धरून हाक मारा.

पीएलसी सगळं करतो, मग सेफ्टीसाठी वेगळी सिस्टिम कशाला? खर्च कोण करणार?

कंट्रोल बिघडणं हेच अनेकदा अपघाताचं कारण असतं. तापमान सांभाळणारा पीएलसीच हँग झाला, तर त्याच पीएलसीत लिहिलेली ट्रिप त्याच क्षणी गेलेली असते. म्हणून आयईसी ६१५११ हे प्रोसेस सेफ्टीचं आंतरराष्ट्रीय मानक साध्या कंट्रोल सिस्टिमच्या संरक्षणाला जोखीम दहापटीपेक्षा जास्त कमी केल्याचं श्रेय देत नाही. त्याहून जास्त हवं असेल तर वेगळी सेफ्टी यंत्रणा लागते आणि तिची पातळी सिल (सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल) १, सिल २ अशी ठरते. सिल २ म्हणजे गरज पडेल तेव्हा यंत्रणा चालणार नाही याची सरासरी शक्यता शंभरात एक ते हजारात एक यांच्या दरम्यान.

प्रत्येक छोट्या युनिटला सेफ्टी पीएलसी घ्या असं मी म्हणणार नाही. धोक्याचा अभ्यास करून आवश्यक ठरलं तरच घ्या. पण दोन गोष्टींत तडजोड नको. इमर्जन्सी स्टॉप थेट वायरिंगनं कॉन्टॅक्टर (मोटरची वीज तोडणारा स्विच) पाडणारा हवा, पीएलसीच्या प्रोग्रामवर अवलंबून नको. आणि ट्रिपच्या वायरिंगची रचना अशी हवी की निरोगी स्थितीत करंट वाहतो आणि तुटल्यावर यंत्र थांबतं. उंदरानं वायर कुरतडली, टर्मिनल ढिलं झालं, व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली, तरी व्हॉल्व्ह सुरक्षित बाजूलाच जायला हवा. कोणती बाजू सुरक्षित हे मात्र प्रत्येक व्हॉल्व्हचं वेगळं ठरवावं लागतं: स्टीमचा बंद व्हावा, रिॲक्टरच्या कूलिंगचा उघडावा.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रप्चर डिस्क (दाब वाढला की फाटणारी चकती) या सगळ्याच्या पलीकडे, विजेशिवाय काम करणाऱ्या. इलेक्ट्रॉनिक ट्रिप आहे म्हणून त्या काढण्याचा विचारही करू नये.

सिग्नलची वायर तुटली तर लॉजिकनं काय समजायचं?

ट्रान्समीटरच्या ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नलमध्ये शून्याऐवजी ४ वरून सुरुवात केली आहे, त्याचा एक मोठा फायदा हाच. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या ऑटोमेशन वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे मापन ३.८ ते २०.५ च्या आत असतं. ३.६ किंवा त्याखाली आणि २१ किंवा त्यावर करंट गेला तर तो बिघाड समजायचा. बरेच पीएलसी कार्ड ही माहिती देतात, पण प्रोग्राममध्ये ती कुणी वापरत नाही. ३ मिलिअँपिअर आला की स्क्रीनवर उणे पातळी दिसते, 'लो' अलार्म वाजतो आणि ऑपरेटर भरलेल्या टाकीत आणखी भरायला जातो. बिघाड हा वेगळा संदेश हवा, आणि त्या क्षणी कंट्रोल लूपनं काय करायचं (जागीच थांबायचं, मॅन्युअलवर जायचं की ट्रिप व्हायचं) हे आधी लिहून ठेवलेलं हवं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) तुटल्यावर रीडिंग वर जावं की खाली, हे ट्रान्समीटरमध्ये निवडता येतं. हीटिंगच्या लूपमध्ये ते वर जाऊ द्या, म्हणजे हीटर बंद होईल.

वायर शाबूत असतानाही आकडा खोटा असू शकतो. २३ मार्च २००५ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत ५० मीटरहून उंच कॉलम भरत चालला होता, पण त्याचं लेव्हल साधन फक्त तळाच्या साधारण ३ मीटरपर्यंतच मोजू शकत होतं. पातळी ४० मीटरच्या वर गेली तरी स्क्रीन ३ मीटरच्या आतला आणि हळूहळू उतरणारा आकडा दाखवत राहिली. वेगळा हाय लेव्हल अलार्मही वाजला नाही. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. त्यामुळे रेंज ठरवताना रोजच्या चालीबरोबर स्टार्टअप आणि बिघाडातली स्थितीही धरा. आत किती गेलं आणि बाहेर किती निघालं याची बेरीज-वजाबाकी स्क्रीनवर दाखवली तर ऑपरेटरला अशी शंका घ्यायला आधार मिळतो.

अलार्म इतके वाजतात की ऑपरेटर न बघताच ॲक्नॉलेज दाबतात. त्यांना समज द्यावी का?

आधी यादी काढा. महिन्याभराच्या अलार्म लॉगमध्ये कोणता अलार्म किती वेळा आला ते मोजलं की मूठभर टॅगच (साधनांचे ओळख नंबर) बहुतेक गोंगाट करतात असं दिसतं. ते आधी दुरुस्त करा, ऑपरेटरला बोलायची वेळ बहुधा येतच नाही.

सारखे लागणारे-विझणारे अलार्म डेडबँड (अलार्म विझायला आकडा किती मागे यावा ते अंतर) आणि डिलेनं (वाजण्याआधी थांबायची वेळ) शांत होतात. सुरुवातीला प्रवाह आणि पातळीसाठी रेंजच्या ५ टक्के, दाबासाठी २ आणि तापमानासाठी १ टक्का डेडबँड ठेवून बघा. डिले प्रवाह आणि दाबाला १५ सेकंद, पातळी आणि तापमानाला ६० सेकंद. हे फक्त सुरुवातीचे आकडे. वरच्या उदाहरणातल्यासारखी टाकी झपाट्यानं भरत असेल, तर ६० सेकंदांचा डिले ऑपरेटरच्या १० मिनिटांतून वजा होतो, हे विसरू नका.

मग प्रत्येक अलार्मसमोर लिहा: हा वाजल्यावर ऑपरेटरनं काय करायचं? काही करायचंच नसेल तर तो अलार्म नाही, नोंद आहे. ती लॉगमध्ये जाऊ द्या, हूटरवर नको. पंप बंद आहे म्हणून लो फ्लो, लो प्रेशर आणि लो करंट असे तीन अलार्म एकदम येत असतील, तर पंप बंद असताना ते दाबून ठेवणारं लॉजिक घाला.

ईईएमयूए १९१ या अलार्मविषयीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे रोजच्या चालीत दर १० मिनिटांना एका अलार्मपेक्षा कमी ही ऑपरेटरला झेपणारी गती आहे. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोटाच्या आधीच्या शेवटच्या ११ मिनिटांच्या आत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले होते. एवढ्यातून महत्त्वाचा वेचून काढणं कुठल्याही माणसाला शक्य नव्हतं.

आपल्याकडे एक गोष्ट जरूर करा. शिफ्टवरची बहुतेक मंडळी गुजराती किंवा हिंदी वाचणारी असतात. अलार्मचा मजकूर त्यांच्या भाषेत आणि टॅग नंबरऐवजी यंत्राच्या नावानं द्या.

बॅच तापवताना सेटपॉइंट (हवं असलेलं तापमान) येईपर्यंत सगळं ठीक, मग तापमान उसळतं. ट्यूनिंग चुकलं का?

बहुतेक वेळा ट्यूनिंग ठीक असतं, मर्यादेची हाताळणी चुकलेली असते. रिॲक्टर ३५ अंशांवर आहे, सेटपॉइंट ९०. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटचा स्टीम व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. त्याहून जास्त उघडायला जागाच नाही, पण पीआयडी कंट्रोलरचा इंटिग्रल, म्हणजे फरकाची बेरीज करत जाणारा भाग, फरक दिसतोय म्हणून साचतच जातो. ९० अंश येतात तेव्हा साचलेलं इतकं असतं की तापमान वर जाऊन फरक उलटा होईपर्यंत व्हॉल्व्ह हलत नाही. याला विंडअप म्हणतात.

आजकालच्या पीआयडी ब्लॉकमध्ये विंडअप रोखायची सोय असते. तरीही हे घडतं, आणि त्याचं एक नेहमीचं कारण लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) सापडतं. ब्लॉकची आउटपुट मर्यादा ० ते १०० ठेवलेली असते आणि लॅडरच्या पुढच्या ओळीत कुणीतरी व्हॉल्व्ह ७० टक्क्यांवर अडवलेला असतो. ब्लॉकला वाटतं अजून ३० टक्के शिल्लक आहेत. तो साचवत राहतो. मर्यादा ब्लॉकच्या आतच घाला, किंवा व्हॉल्व्हला प्रत्यक्ष गेलेलं आउटपुट ब्लॉकला परत दाखवा. कॅस्केडमध्ये (एका लूपचं आउटपुट हाच दुसऱ्याचा सेटपॉइंट असतो तिथे) आतला लूप टोकाला पोहोचला की बाहेरच्या लूपनंही साचवणं थांबवलं पाहिजे. सेटपॉइंट एकदम ९० न देता मिनिटाला एक-दोन अंशांनी चढवला तर निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

मर्यादेजवळ चालवायचंय, पण ट्रिप नकोय. काही उपाय?

आहे, आणि तो फार कमी वापरला जातो: ओव्हरराइड कंट्रोल. एकाच स्टीम व्हॉल्व्हसाठी दोन कंट्रोलर ठेवा, एक रिॲक्टरच्या तापमानाचा आणि दुसरा जॅकेटच्या दाबाचा. दोघांपैकी ज्याचं आउटपुट कमी, ते व्हॉल्व्हला जाईल. एरवी तापमानवाला चालवतो. दाब मर्यादेला टेकू लागला की दाबवाला हळूच ताबा घेतो, बॅच थोडी सावकाश तापते, पण प्लांट बंद पडत नाही. ज्याची पाळी नाही त्या कंट्रोलरनं चालू आउटपुटच्या मागोमाग राहिलं पाहिजे, नाहीतर ताबा घेताना पुन्हा विंडअपचाच झटका बसतो. ट्रिप मात्र तशीच वर ठेवायची. ओव्हरराइड हा ट्रिपला पर्याय नाही.

सेटपॉइंट बदलायची मुभा कुणाला द्यावी?

रोजच्या पट्ट्यात ऑपरेटरला, अलार्मची शिफ्ट इन्चार्जला नोंद करून, ट्रिपची कुणालाही कीबोर्डवरून नाही. सेटपॉइंटची वरची-खालची हद्द पीएलसीत घाला. फक्त टचस्क्रीनवर घातली तर उद्या दुसरी स्क्रीन किंवा स्काडा (संगणकावरची देखरेख यंत्रणा) जोडला की ती हद्द गेली.

प्रॉडक्शनचा दबाव असताना इंटरलॉक (आपोआप अडवणारं ट्रिपचं लॉजिक) बायपास करावाच लागतो. मग काय करायचं?

स्टार्टअपला बायपासची खरी गरज असते. पंप सुरू होताना लो प्रेशर ट्रिप काही सेकंद बाजूला ठेवावीच लागते. ती सोय लॉजिकमध्येच द्या: की-स्विच, टायमर, स्क्रीनवर ठळक पट्टी, आणि वेळ संपली की आपोआप रद्द. अशी सोय दिली नाही की माणसं आपली वाट काढतात. एका कारखान्यात पॅनेलचं मागचं दार उघडलं तर टर्मिनल स्ट्रिपवर दोन स्क्रूंमध्ये निळ्या वायरचा आखूड जंपर होता, म्हणजे लेव्हल स्विचची ट्रिप परस्पर बाजूला सारलेली. इन्सुलेशनवर धूळ बसून ते राखाडी झालेलं. लेव्हल स्विच, त्याचा टॅग, त्याची केबल, सगळं जागेवर होतं आणि ड्रॉइंगमध्येही ट्रिप दिसत होती. जंपर कधी आणि का टाकला, हे तिथल्या कुणालाच सांगता आलं नाही.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) या विषारी द्रवाची ६१० क्रमांकाची टाकी तापली तेव्हा ती थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा बंद होती आणि फ्लेअरकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. कागदावर संरक्षणाचे एकाहून जास्त थर होते. प्रत्येक बायपासवर नाव, कारण आणि संपण्याची वेळ असावी. पुढच्या शिफ्टला चार्ज देताना चालू बायपासची यादी सगळ्यात आधी वाचावी. पीएलसीत लावलेले फोर्सही (सिग्नलवर जबरदस्तीनं लादलेली किंमत) यातच मोजा, ते पॅनेल उघडूनही दिसत नाहीत.

बॉयलरची मोब्रे (पाण्याच्या पातळीचा फ्लोट स्विच) दर शिफ्टला तपासायलाच हवी का?

हवीच. पॅकेज बॉयलरवर साधारण दोन मोब्रे असतात. पहिली फीड पंप चालू-बंद करते आणि पातळी खाली गेली की अलार्म देऊन बर्नर तोडते, म्हणजे बंद करते. दुसरी त्याच्याही खाली बर्नर लॉकआउट करते, हातानं रीसेट केल्याशिवाय तो सुरू होत नाही. चेंबरमध्ये गाळ बसतो आणि फ्लोट वरच अडकतो, म्हणजे बॉयलर कोरडा पडला तरी स्विच 'पाणी आहे' सांगत राहतो.

तपासणी म्हणजे बर्नर चालू असताना मोब्रेचा ब्लोडाउन कॉक हळू उघडायचा आणि गेज ग्लासवर नजर ठेवायची. चेंबरमधलं पाणी उतरताच बर्नर स्वतःहून तुटला पाहिजे. मग कॉक बंद करून पाणी परत चढतं का ते बघायचं. नुसता पाण्याचा फवारा निघाला म्हणजे टेस्ट झाली असं नाही. बर्नर तुटला नाही तर बॉयलर बंद करा. गेज ग्लास रिकामी दिसत असून बर्नर पेटलेला असेल, तर पंप मुळीच लावू नका, आधी आग बंद करा. तापलेल्या नळ्यांवर पाणी पडणं हा सगळ्यात मोठा धोका.

मे महिन्यात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ओव्हर टेंपरेचरवर ट्रिप होतो. लिमिट वाढवू का?

नको. बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग भोवतालच्या ४० अंशांवर दिलेलं असतं, आणि त्यापुढे करंट कमी करावा लागतो. बडोद्यात मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर असतं, पॅनेलच्या आत त्याहून जास्त. फिल्टर साफ करा, पंख्याची दिशा तपासा, पॅनेलवर ऊन येत असेल तर सावली करा, तरीही भागलं नाही तर पॅनेल कूलर लावा किंवा एक साइज मोठा ड्राइव्ह घ्या.

कॉलेजात पीआयडी शिकवला, हे सगळं नाही. शिकायचं कुठे?

बडोद्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातूनच आजची एम.एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी वाढली, आणि कोयलीची रिफायनरी १९६५ पासून शहराच्या वेशीवर आहे. रिफायनरी आणि खतांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले इन्स्ट्रुमेंटवाले काका आपल्याच गल्लीत राहतात. त्यांच्याकडे जाऊन बसा, प्रत्येक ट्रिपमागची हकीकत विचारा. मानकांपैकी अलार्मसाठी आयएसए १८.२ आणि सेफ्टीसाठी आयईसी ६१५११ आधी वाचा.

काम संपल्यावर क्लायंटला कागदावर काय द्यायचं?

कॉज अँड इफेक्ट चार्ट (कशामुळे काय बंद होतं याचा तक्ता), आणि मर्यादांची एक यादी. यादीत प्रत्येक टॅगसमोर ट्रिप आणि अलार्मचा आकडा, तो कुठून काढला, ऑपरेटरनं काय करायचं, वेळ किती आणि शेवटची टेस्ट कधी झाली, हे असावं. टेस्ट करताना पीएलसीत आकडा टाइप करून ट्रिप दाखवू नका. ट्रान्समीटरच्या जागी कॅलिब्रेटरनं करंट द्या आणि दुसऱ्या माणसाला व्हॉल्व्हपाशी उभं करा. त्यानं दांडा पूर्ण खाली आलेला पाहिला आणि किती सेकंद लागले ते सांगितलं, की मगच त्या ओळीसमोर दोघांनी सही करायची.